क्लाइनची निळी पोतचित्रे

ईव्ह क्लाइन (२८ एप्रिल १९२८ – ६ जून १९६२) या फ्रेंच चित्रकाराने आयुष्याच्या अखेरच्या सहा-सात वर्षांत केलेली निळी एकवर्णी चित्रे आणि स्पंज, खडे, प्लॅस्टर इ. द्रव्यांच्या साहाय्याने घडविलेली निळी उत्थित चित्रे ही विसाव्या शतकातील मिश्रमाध्यम चित्रणाच्या (एकाच चित्रात भिन्न प्रकारची द्रव्ये वापरण्याच्या पद्धतीच्या) इतिहासात महत्त्वाची मानली जातात. क्लाइनने या निळ्याला ‘आंतरराष्ट्रीय क्लाइन निळा’ असे नाव दिले. त्यामुळे त्याने एक नवाच रंग शोधून काढला व त्याचे एकस्वही घेतले, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. या समजाचे दोन्ही भाग तपासून पाहण्यासारखे आहेत. ज्या रंगद्रव्यापासून ही चित्रे झाली, ते क्लाइनच्या जन्मापूर्वी शंभर वर्षे बाजारात मिळत होते. चित्रकारांना आणि प्रेक्षकांना अपरिचित होते, ते त्या रंगद्रव्याचे भिंतीवर टिकून राहिलेले कोरडे रूप. हे रूप टिकविण्याच्या खटपटीतून चित्राचा पोत बदलला आणि पोत बदलल्यामुळे चित्र व शिल्प यांमधील सीमारेषा पुसट झाली. त्याची किंमतही या चित्रांना मोजावी लागली. ती कोणती, हे पुढे येईल.

रंगद्रव्याचा पूर्वेतिहास : अल्ट्रामरीन हे मुळात लाजवर्द या मौल्यवान दगडापासून काढलेले रंगद्रव्य होय. अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातल्या सर-इ-संग येथील खाणी हा त्याचा प्राचीन काळापासूनचा प्रमुख उगम. तेथून हा दगड पश्चिमेस व्हेनिसपर्यंत आणि दक्षिणेस भारतात जात असे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांत जो निळा दिसतो, तो याच लाजवर्दाचा आहे. यूरोपात तो समुद्रापलीकडून येई, म्हणून त्यास ‘समुद्रापलीकडचा’ या अर्थाचे नाव पडले. दगड नुसता कुटल्याने चांगला निळा मिळत नाही, राखाडी भुकटी हाती येते. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत दगडाची पूड मेण, राळ व तेल यांच्या गोळ्यात मळून तो गोळा क्षारयुक्त पाण्यात दाबण्याची कृती दिली आहे. पहिल्या दाबातून निघणारा निळा सर्वोत्तम. त्याचे मोल एवढे असे, की तो किती व कोठे वापरावा हे चित्र करवून घेणारा यजमान करारातच लिहून घेत असे. मेरीमातेच्या झग्यासाठी तो प्रायः राखून ठेवला जाई.

चुन्याच्या व सोड्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर कधी कधी निळे थर साचतात, असे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नजरेस येऊ लागले होते. सिसिलीच्या प्रवासात १७८७ मध्ये गटेनेही त्याची नोंद केली. पुढे १८२४ मध्ये फ्रान्समधील राष्ट्रीय उद्योगांस उत्तेजन देणाऱ्या संस्थेने, किलोस ३०० फ्रँकपेक्षा अधिक खर्च न येता कृत्रिम अल्ट्रामरीन तयार करणाऱ्यास ६,००० फ्रँकांचे पारितोषिक जाहीर केले. ते १८२८ मध्ये झां-बातीस्त गीमे यास मिळाले. त्याच वर्षी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील रसायनशास्त्रज्ञ गमेलिन याने स्वतंत्रपणे शोधलेली कृती प्रसिद्ध केली. केओलीन, सोडा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण भट्टीत भाजले असता हे रंगद्रव्य तयार होते. ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या जाळीदार रचनेत अडकलेले गंधकाचे तीन-तीन अणूंचे गट त्याच्या निळेपणास कारण असतात. (गीमेच्या कारखान्याच्या उत्पन्नातूनच त्याचा मुलगा एमील गीमे याने आशियाई कलावस्तूंचा संग्रह केला. पॅरिसमधील आशियाई कलेचे गीमे संग्रहालय ते हेच. भारतीय मूर्तींचा एक नामवंत यूरोपीय संग्रह अशा रीतीने निळीवर उभा आहे.) राजांच्या व मठांच्या चित्रकारांपुरते असलेले द्रव्य शतकभरात धोब्याच्या घरी पोहोचले. विसाव्या शतकात आपल्याकडे घरोघरी पांढऱ्या कपड्यांना देण्यासाठी पुडीतून येणारी नीळ पुष्कळदा याच कृत्रिम अल्ट्रामरीनची असे.

कोरडी भुकटी आणि ओला रंग : पुडीतील निळीवर तेलाचा थेंब पडला, तर काय होते हे अनेकांनी पाहिले असेल. डोळ्यांत भरणारी मखमली निळाई त्या ठिकाणी नाहीशी होऊन काळपट डाग उरतो. चित्रकारांना हा अनुभव शतकानुशतके येत आला आहे. त्याचे कारण प्रकाशकीय आहे. अल्ट्रामरीनचा प्रणमनांक (निर्वातातील प्रकाशवेग व माध्यमातील प्रकाशवेग यांचे गुणोत्तर) सु. १·५० असून हवेचा जवळजवळ १ आहे. कोरड्या भुकटीत प्रत्येक कणाभोवती हवा असल्याने, कणाच्या प्रत्येक पृष्ठावर प्रकाशाची दिशा बदलते व त्याचे सर्व दिशांनी प्रकीर्णन होते. तो थोडेच अंतर आत जाऊन निळा होऊन परत येतो. जवसाच्या तेलाचा प्रणमनांक सु. १·४८, म्हणजे रंगद्रव्याच्या अगदी निकटचा आहे. कणांभोवतीची हवा जाऊन तेल आले, की प्रकाशाला कण व तेल यांमधील भेद जवळजवळ जाणवत नाही. तो खोल शिरतो आणि बहुतांशी शोषला जातो. म्हणून तैलरंगातील शुद्ध अल्ट्रामरीन गडद व पारदर्शक दिसतो आणि पूर्वीचे चित्रकार त्यात शिशाचा पांढरा मिसळून त्याला उजळपणा आणीत. तथापि पांढरा मिसळला, की रंगाची शुद्धता जाते. बंधकाशिवाय भुकटी भिंतीवर राहत नाही आणि बंधक घातला की ती मरते, असा हा पेच होता.

क्लाइनपूर्वीचे मिश्रमाध्यम : चित्रात रंगाखेरीज अन्य द्रव्ये आणण्याचे श्रेय सामान्यतः घनवाद्यांना दिले जाते. पिकासोने १९१२ च्या वसंतात वेताच्या विणीचे छाप असलेले मेणकापड एका स्थिरचित्रावर चिकटविले. ब्राकने त्याच वर्षी कागद चिकटविलेली चित्रे केली व रंगात वाळू मिसळली. श्व्हिटर्सने १९१९ पासून रस्त्यावरील तिकिटे, चिंध्या, लाकडाचे तुकडे यांची चिक्कणितचित्रे रचली. दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रवाहास वेगळेच वळण मिळाले. फोत्रिये याने १९४५ मध्ये ‘ओलीस’ या मालिकेत रंगाचे जाड लेप माणसाच्या छिन्न चेहऱ्यांसारखे रचले; द्यूब्यूफेने १९४६ मध्ये वाळू, डांबर, खडी मिसळलेल्या घट्ट लेपांची चित्रे पॅरिसमध्ये मांडली; इटलीत बुर्रीने फाटकी गोणपाटे शिवून चित्रे केली आणि बार्सेलोनात टापिएसने संगमरवराची भुकटी मिसळून जुन्या भिंतींसारखे पृष्ठभाग तयार केले. या सर्वांत पोत हा युद्धाने केलेल्या जखमांचा वाहक आहे. रंग तेथे मातकट, राखी, दबलेला असतो. पोत व शुद्ध, प्रखर रंग यांचे जमत नाही, असा जणू संकेतच त्यामुळे रूढ झाला होता. क्लाइनचे कार्य समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

क्लाइनची जडणघडण : क्लाइनचा जन्म नीस येथे झाला. वडील फ्रेड क्लाइन हे आकृतिप्रधान, तर आई मारी रेमाँ या अप्रतिरूप शैलीच्या चित्रकार होत्या. त्याने स्वतः कलाविद्यालयात रीतसर शिक्षण घेतले नाही. १९५२-५३ मध्ये टोकिओच्या कोदोकान संस्थेत जूदोचे शिक्षण घेऊन त्याने चौथी श्रेणी (दान) मिळविली व पुढे काही काळ जूदोचे वर्गही चालविले. १९५५ मध्ये त्याने पॅरिसच्या ‘सालों दे रेआलिते नूव्हेल’ या अप्रतिरूप कलेस वाहिलेल्या वार्षिक प्रदर्शनाकडे एक नारिंगी एकवर्णी चित्र पाठविले. परीक्षकांनी ते नाकारले. एखादी रेषा, एखादा ठिपका, निदान दुसरा एखादा रंग तरी घालावा, अशी सूचना त्याच्या आईकरवी त्याला करण्यात आली. अप्रतिरूप कलेच्या पुरस्कर्त्यांनीच एका रंगाला अपुरे ठरवावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या व पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनांत त्याने निरनिराळ्या रंगांची एकवर्णी चित्रे एकत्र मांडली; परंतु प्रेक्षक त्यांच्याकडे रंगीत फरशांच्या मांडणीसारखे पाहतात, हे त्याच्या ध्यानी आले. एकाच रंगावर येण्याचा निर्णय त्याने यानंतर घेतला.

बंधकाचा प्रश्न : मोंपार्नास भागातील रंगविक्रेता एद्वार आदाम याच्या दुकानातून क्लाइन रंगद्रव्ये घेत असे. बरण्यांतील कोरड्या भुकटीचे तेज त्याला मोहवी आणि तीच भुकटी सरसात वा तेलात कालवली, की होणारा तिचा ऱ्हास त्याला असह्य होई. आदामने रसायनतज्ञांच्या साहाय्याने १९५५-५६ च्या सुमारास यावर उपाय काढला. रोन-पूलांक या कंपनीचे ‘रोडोपास एम ६० ए’ हे पॉलिव्हिनिल ॲसिटेट वर्गातील रेझीन एथिल अल्कोहॉल व एथिल ॲसिटेट यांमध्ये पातळ करून त्यात रंगद्रव्याची मोठी मात्रा घालावयाची, असे या उपायाचे स्वरूप होते.

या रेझिनाविषयी बरेच अद्‌भुत लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडे स्पष्टीकरण करणे इष्ट होईल. पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा प्रणमनांक तेलाहून फारसा वेगळा नाही. तेव्हा रेझिनाच्या अंगी स्वतःचा असा कोणताही चमत्कार नव्हता. मर्म होते ते प्रमाणात व सुकण्याच्या रीतीत. तेल सुकते म्हणजे हवेतील ऑक्सिजन घेऊन जागच्या जागी घट्ट होते व कणांभोवतीची पोकळी कायमची भरून टाकते. उलट येथे द्रवाचा बहुतेक भाग म्हणजे उडून जाणारा विद्रावक होता. तो उडाला, की उरलेले अल्पसे रेझीन कणांना एकमेकांशी व पृष्ठाशी केवळ जागोजागी सांधते. मधल्या फटींत पुन्हा हवा शिरते. भुकटी चिकटलेली असते आणि तरीही बव्हंशी कोरडी राहते.

अशा थराला गुळगुळीत पृष्ठ मानवत नाही. क्लाइनने कुंचला सोडून घरे रंगविणाऱ्यांचा लोकरी रूळ (रोलर) हाती घेतला. कुंचल्याचा फटकारा चित्रकाराच्या मनःस्थितीची खूण मागे ठेवतो आणि ती त्याला नको होती, हे त्याने दिलेले कारण. परंतु रुळाने आणखी एक काम केले. त्याच्या लवीमुळे रंगाच्या थरावर सूक्ष्म उंचसखल लाटा उठतात, कडांवरून येणाऱ्या प्रकाशाने त्यांत बारीक छाया पडतात आणि पृष्ठाचे नेमके अंतर डोळ्यास ठरविता येत नाही. प्लायवूडच्या फळीवर सुती कापड ताणून, कोपरे गोलसर करून त्याने हा रंग दिला. कडा रंगविण्यातही हेतू असा, की चित्राला चौकट असल्याचा भास होऊ नये. या चित्रांपुढे उभे राहिल्यावर निळा पडदा पुढे येतो की आत ओढतो, हे सांगता येत नाही, असा अनुभव पुष्कळांनी नमूद केला आहे. छापील प्रतिकृतींत यातले काहीच उतरत नाही. केवळ पुस्तकांतून क्लाइन पाहिलेल्या वाचकास ही चित्रे म्हणजे निव्वळ थट्टा वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

मिलानमधील अपोलिनेर कलावीथीत जानेवारी १९५७ मध्ये अशा ११ चित्रांचे प्रदर्शन भरले. सर्व चित्रे एकाच मापाची (७८ × ५६ सेंमी.) होती व भिंतीपासून पुढे, दांड्यांवर बसविली होती. चित्रे सारखी असूनही प्रत्येक ग्राहकाने आपले चित्र निवडून वेगवेगळी किंमत दिली, असे क्लाइनने नंतर सांगितले. परंतु क्लाइन हा आपल्या कार्याच्या आख्यायिका स्वतःच रचणारा कलावंत होता, हे विसरून चालणार नाही. एक चित्र लूचो फोंताना या ज्येष्ठ कलावंताने विकत घेतले, हे मात्र निश्चित आहे. याच वर्षी मे महिन्यात पॅरिसमधील प्रदर्शनाच्या वेळी त्याने १,००१ निळे फुगे आकाशात सोडले. क्लाइनने एकूण सु. २०० निळी एकवर्णी चित्रे केली. त्यांना त्याने शीर्षके वा क्रमांक दिले नव्हते. आज वापरले जाणारे ‘आयकेबी’ क्रमांक त्याच्या मृत्यूनंतरचे आहेत.

स्पंजचित्रे : रंग देण्यासाठी व पुसण्यासाठी कार्यशाळेत नैसर्गिक स्पंज वापरात होते. निळा प्यालेला स्पंज हा चित्रापेक्षाही अधिक निळा दिसतो, हे क्लाइनच्या लक्षात आले आणि साधनाचेच द्रव्य झाले. मागील परिच्छेदातील विवेचन लक्षात घेतल्यास यात नवल नाही. रुळाने जे सूक्ष्म प्रमाणात साधले, तेच स्पंजाच्या रंध्रांनी मोठ्या प्रमाणात साधले. रंध्रांच्या तोंडाशी प्रकाश परावर्तित होतो, आत तो अनेकवार भिंतींवर आपटून प्रत्येक वेळी अधिक निळा होतो व खोलवर काळोखात विरतो. एकाच रंगद्रव्यापासून तेजस्वी निळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंतच्या छटा, दुसरा कोणताही रंग न मिसळता मिळतात.

या चित्रांत फळीवर वेगवेगळ्या आकारांचे स्पंज व मधूनमधून खडे बसविलेले असून त्या सर्वांवर निळ्याचा सलग थर दिलेला असतो. कोलोनच्या लूटव्हिख संग्रहालयातील ‘आरई १९’ (१९५८), ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयातील ‘निळा मेळ’ (‘आरई १०’, १९६०) आणि ह्यूस्टनच्या मेनील संग्रहातील ‘रेक्विएम’ (१९६०) ही त्यांपैकी प्रसिद्ध उदाहरणे. समुद्रतळ, चंद्रपृष्ठ, प्रवाळांची बाग अशा अनेक उपमा या चित्रांना देण्यात आल्या. क्लाइनला स्वतःला स्पंज म्हणजे आपल्या चित्रांच्या प्रेक्षकांची प्रतिमा वाटत असे: चित्राच्या निळ्यातून प्रवास करून, तो पिऊन परत आलेले प्रेक्षक. कल्पना भाबडी असली, तरी स्पंजाच्या गुणधर्मास धरून आहे. काही स्पंजचित्रे त्याने गुलाबी व सोनेरी रंगांतही केली. ती आकर्षक आहेत; पण निळ्याचे ते अथांगपण त्यांत नाही आणि सोन्याचा वर्ख तर प्रकाश आत घेण्याऐवजी बाहेर फेकतो. रंग व पोत यांची जोडी कशीही जुळविता येत नाही, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

गेल्झेनकिर्खेनचे नाट्यगृह : जर्मनीच्या रूर खोऱ्यातील गेल्झेनकिर्खेन हे कोळशाच्या खाणींचे व पोलादाचे शहर. तेथील जुने नाट्यगृह महायुद्धातील बाँबवर्षावात नष्ट झाले होते. व्हेर्नर रूनाऊ या वास्तुशिल्पज्ञाने नवीन संगीत-नाट्यगृहाची उभारणी करताना कलावंतांना आरंभापासूनच सहभागी करून घेतले. त्यांत क्लाइनबरोबर झां टँगली, नॉर्बेर्ट क्रिके, पाउल डीर्केस व रॉबर्ट ॲडम्स हे होते. १९५७ ते १९५९ या काळात क्लाइनने तेथील मुख्य दालनासाठी प्रचंड आकाराची निळी उत्थित चित्रे केली. बाजूंच्या भिंतींवरील दोन चित्रे प्रत्येकी सु. २० मी. लांब व ७ मी. उंच आहेत. या कामात त्याला रोट्राउट उकर या तरुण चित्रकर्तीचे मोठे साहाय्य झाले. १९६२ च्या जानेवारीत त्यांचा विवाह झाला.

हातभर फळीवर जमलेली गोष्ट १४० चौ. मी. भिंतीवर जमविणे सोपे नव्हते. प्लॅस्टरच्या थरात लाटांसारखे चढउतार घडवून, रेझिनाने कडक केलेले स्पंज बसवून त्यांवर रंगाचे थर द्यावे लागले. बाजूचे पृष्ठ पाण्याच्या संथ लाटांप्रमाणे आहेत, तर स्पंजांचे पृष्ठ गच्च व खडबडीत आहे. नाट्यगृहाचा दर्शनी भाग काचेचा असल्यामुळे संध्याकाळी दिवे लागले, की हा निळा रस्त्यावरूनही दिसतो. तिकीट न काढणाऱ्या खाणकामगारालाही तो पाहता येई, ही रूनाऊच्या आराखड्यातील मोठी गोष्ट होय. १५ डिसेंबर १९५९ रोजी नाट्यगृहाचे उद्‌घाटन झाले. क्लाइनच्या सर्व कार्यात हे काम श्रेष्ठ ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एरव्ही त्याच्याभोवती वावरणारा प्रसिद्धीचा गाजावाजा येथे भिंतींनी गिळून टाकला आहे.

अखेरची वर्षे : १९६० नंतर क्लाइनचे प्रयोग अनेक दिशांनी गेले. रंग फासलेल्या स्त्रियांच्या देहांचे ठसे, मोटारीच्या टपावर कॅनव्हास बांधून त्यावर उमटवून घेतलेले वारा-पावसाचे ठसे, ज्वालांनी भाजलेली चित्रे यांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. पोताच्या दृष्टीने १९६१ मधील ‘ग्रहीय उत्थित चित्रे’ मात्र उल्लेखनीय आहेत. डोंगर-दऱ्यांचा उठाव दाखविणाऱ्या नकाशांवरून साचे काढून त्याने ते निळ्याने झाकले. ग्रेनोबल परिसराचे चित्र त्यांपैकी एक. युरी गागारिनने १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा केली व पृथ्वी निळी दिसते असे सांगितले, तेव्हा क्लाइनला आपल्या मताची खात्री पटल्यासारखे वाटले. पुढील वर्षी, वयाच्या ३४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचा पॅरिस येथे मृत्यू झाला.

एकस्वाची आख्यायिका : १९ मे १९६० रोजी क्लाइनने आपल्या निळ्याची कृती फ्रान्सच्या औद्योगिक संपदा कार्यालयाकडे ‘सोलो लिफाफा’ या पद्धतीने नोंदविली; लिफाफ्याचा क्रमांक ६३४७१. हा लिफाफा म्हणजे एकस्व नव्हे. अमुक कल्पना अमुक दिवशी अमुक व्यक्तीजवळ होती, एवढ्याचाच तो पुरावा असतो. इतरांना मज्जाव करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. रंगद्रव्य गीमेच्या काळापासूनचे, रेझीन एका कंपनीच्या उत्पादनांपैकी, मिश्रणाची युक्ती मुख्यत्वे आदामची. तेव्हा क्लाइनच्या मालकीचे काय उरते, असा प्रश्न काही समीक्षकांनी केला आहे. पोतासह त्या निळ्याचे चित्र होऊ शकते हे ओळखणारी दृष्टी क्लाइनची होती, हे त्याचे उत्तर देता येईल. याउलट ‘व्हँटाब्लॅक’ या अतिकृष्ण लेपाचा कलेतील वापर २०१६ मध्ये खरोखरच एका कलावंतापुरता राखून ठेवण्यात आला, तेव्हा कलावंतांत मोठा क्षोभ उसळला. तो कलावंत म्हणजे अनीश कपूर होय.

मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेल्या कपूरचा येथे दुसऱ्याही कारणाने उल्लेख करावा लागतो. १९७९ मध्ये भारतास दिलेल्या भेटीनंतर त्याने ‘हजार नावे’ ही शिल्पमालिका केली. त्यात साध्या भौमितिक आकारांवर लाल, पिवळ्या, निळ्या रंगद्रव्यांची कोरडी भुकटी पसरलेली असून ती जमिनीवरही सांडलेली असते. कुंकवाच्या व गुलालाच्या राशी पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना हे दृश्य परके वाटत नाही. क्लाइनने भुकटी टिकविण्यासाठी जो आटापिटा केला, तो कपूरने सोडूनच दिला. भुकटी दर प्रदर्शनात नव्याने पसरावयाची, हाच येथील मार्ग. याच्या अगदी उलट टोकाला वासुदेव गायतोंडे (१९२४ – २००१) यांची चित्रे आहेत. नागपूरला जन्मलेल्या व मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकारानेही कुंचला दूर सारून रूळ व रंगसुरी वापरली आणि एकाच रंगाच्या छटांत चित्रे केली. परंतु गायतोंडे यांनी तैलरंगाची पारदर्शकता, म्हणजे क्लाइनने जिचा तिरस्कार केला तीच गोष्ट, थरांवर थर देऊन आपलीशी केली. दोघांचा एकमेकांवर प्रभाव नव्हता. हातातले साधन एकच असताना बंधकामुळे चित्र किती दूर जाऊ शकते, एवढेच यातून दिसते.

जतनाचा प्रश्न : ज्या गुणामुळे ही चित्रे अनन्यसाधारण झाली, त्याच गुणामुळे ती अतिशय नाजूकही झाली आहेत. कण केवळ जागोजागी सांधलेले असल्यामुळे बोटाच्या ओझरत्या स्पर्शानेही ते दबतात व त्या ठिकाणी चकाकता ठसा उमटतो. स्पंजांच्या टोकांवरील भुकटी कपड्याच्या घर्षणाने निघून येते. प्रेक्षकांना स्पर्शाचा मोह विशेषतः याच चित्रांच्या बाबतीत आवरत नाही, हे संग्रहालयांतील रक्षकांना चांगले ठाऊक आहे. धूळ रंध्रांत बसते आणि निळ्यावर करडी साय धरते. ती पुसता येत नाही, कारण पुसणे म्हणजे पृष्ठ घासणे. धुता येत नाही, कारण पाण्याने वा विद्रावकाने रेझीन हलते. अल्ट्रामरीन प्रकाशात टिकाऊ असले, तरी अम्लाने त्याचा रंग नष्ट होतो, त्यामुळे औद्योगिक शहरातील हवा व घामट हात हे दोन्ही त्याचे शत्रू ठरतात.

जुन्या तैलचित्राचा पापुद्रा सुटला, तर सरस घालून तो बसविता येतो. रंग फिका पडला, तर रोगण देऊन त्यास उठाव आणता येतो. येथे हे दोन्ही उपाय घातक ठरतात. सुटू लागलेली भुकटी घट्ट बसविण्यासाठी कोणतेही द्रव्य सोडले, की ते कणांमधील फटी भरते, हवा बाहेर जाते आणि तेवढा भाग तेल पडलेल्या निळीप्रमाणे काळवंडतो. ठसा उमटलेल्या जागी त्याच कृतीचा नवा रंग लावला, तरी त्याचा पोत शेजारच्या पोताशी जुळत नाही व डाग अधिकच ठळक होतो. म्हणून अनेक संग्रहालयांनी ही चित्रे पारदर्शक पेट्यांत बंद केली आहेत. पेटीच्या पृष्ठावर पाहणाऱ्याचे स्वतःचेच प्रतिबिंब पडते आणि चौकट नसलेल्या, अंतर न कळणाऱ्या ज्या निळ्यासाठी क्लाइनने कडाही रंगविल्या, त्याच्यापुढे पुन्हा एक चौकट उभी राहते. काही ठिकाणी पेटीऐवजी जमिनीवर अडथळा वा रुंद चौथरा ठेवून प्रेक्षकाला हातभर दूर थांबविले जाते. तेथे निळा मोकळा राहतो. मात्र त्यावर दरवर्षी थोडी धूळ साचत जाते.